माहेर आरोंद्याला, सासर पेडण्यात : एकाच बाईला दोन वारसाकायदे

आरोंद्याची लेक

हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी काय काय समजून घ्यायला हवं, यासाठी हा धागा काढते आहे. नुसता माझ्यापुरता प्रश्न असता तर वकिलाला विचारून मोकळी झाले असते. पण सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या शेकडो मुली गोव्यात दिलेल्या आहेत आणि गोव्याच्या तितक्याच इकडे आल्या आहेत. त्यातल्या बहुतेकींना हे कोणी कधी सांगितलेलं नसतं.

माझं माहेर आरोंद्याला. किरणपाणीचा पूल ओलांडला की पेडणे तालुका, तिथे सासर. दोन्हीकडे तीच भातशेती, तेच माड, गणपतीला त्याच आरत्या. वडील गेले, पाठोपाठ सासरे गेले, आणि दोन्ही घरांतले कागद एकदमच समोर आले.

आरोंद्याला तलाठ्याकडे वारसनोंद झाली. आई, भाऊ, मी आणि धाकटी बहीण, अशी चार नावं लागली. फेरफार मंजूर होतो न होतो तोच भावाने हक्कसोडपत्राचा मसुदा पाठवला. त्यात आम्ही दोघी बहिणी "राजीखुशीने आणि कोणताही मोबदला न घेता" हक्क सोडतो असं लिहिलेलं. भाऊ वाईट नाही. आमच्याकडे असंच चालतं, बहिणी सही करतात, एवढंच त्याच्या मनात. माझ्या नवऱ्याला कोणी काही विचारलं नाही, विचारायची पद्धतच नाही.

पेडण्यात सगळं उलट. तिथे पहिला प्रश्न आला तो सासूबाईंचा. घर, बागायत, बँकेतला पैसा, सगळ्यातला अर्धा हिस्सा त्यांचा. तो त्यांना नवऱ्याचा वारसा म्हणून मिळालेला नाही, लग्न झालं तेव्हापासून तो त्यांचाच होता. सासऱ्यांच्या उरलेल्या अर्ध्यात मुलगे आणि मुली सारखे वाटेकरी. वकिलांनी मलाही नाव घेऊन बोलावलं, नणंदेच्या नवऱ्यालाही. सुनेची आणि जावयाची सही लागते म्हणाले.

एकीकडे मी लेक असून माझं नाव कमी करायची घाई, दुसरीकडे सून असून माझ्या सहीशिवाय कागद पुढे सरकत नाही. हे असं का, आणि माहेरच्या कागदावर सही करताना गोव्यातल्या लग्नाचा काही संबंध येतो का? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

दस्तलेखक सावंतवाडी

ताई, तुमच्या माहेरच्या बाजूचं मी सांगतो. आयुष्य याच कागदांत गेलं आहे.

सिंधुदुर्गातल्या हिंदू कुटुंबाला १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागतो. वडिलांनी स्वतः घेतलेली जमीन असेल आणि मृत्युपत्र नसेल तर आई, मुलगा, मुली सगळ्यांना सारखा हिस्सा. तुमच्याकडे चार वाटे, विषय संपला.

जमीन वडिलोपार्जित असेल तर हिशेब जरा वेगळा. तिथे मुलाला जन्मापासून हक्क असे, मुलीला नसे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये हे बदललं, पण तेव्हा ज्यांची लग्नं झालेली होती त्या मुली बाहेरच राहिल्या. केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून सगळ्या मुलींना मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. तरी वर्षानुवर्षं वाद चालला की त्या दिवशी बाप हयात असायला हवा की नको. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात तो मिटवला : हक्क जन्माने आहे, बाप केव्हा गेला याच्याशी संबंध नाही. फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकमाने वाटप झालेलं असेल तर ते उकरता येत नाही.

हिश्श्याचा आकडा मुद्दाम मांडून दाखवतो, कारण आईचा वाटा इथे लोक गिळतात. वडील जाण्याच्या आदल्या क्षणी वाटप झालं असं कायदा मानतो. आपल्या मुंबई इलाख्याच्या रिवाजात त्या वाटपात बायकोलाही मुलाएवढा वाटा मिळतो. म्हणजे वडील, आई, भाऊ, तुम्ही दोघी, असे पाच वाटे. मग वडिलांचा पाचवा हिस्सा तुम्हा चौघांत. शेवटी प्रत्येकाला पाव. आईचा तो आधीचा वाटा धरायचाच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई या निकालात सांगून ठेवलं आहे. आजही कित्येक मसुदे आईचा हा वाटा सोडून तयार होतात आणि म्हातारीला सोळावा हिस्सा दाखवतात.

राहत्या घराचंही एक. पूर्वी भावांनी वाटप काढल्याशिवाय बहिणीला राहत्या घराची वाटणी मागता येत नसे. ते कलम २००५ मध्येच रद्द झालं.

आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. फेरफार हा महसुलाचा कागद आहे. नाव लागलं म्हणून मालकी येत नाही, नाव निघालं म्हणून ती जात नाही. मालकी जाते ती नोंदणी केलेल्या हक्कसोडपत्राने. म्हणून सही करताना घाई नको.

खाडीपार (म्हापसा)

गोव्याचं मी लिहितो.

पोर्तुगालची नागरी संहिता १८६७ ची. ती १८७० पासून गोव्यात लागू झाली. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, पण १९६२ च्या प्रशासन कायद्याने जुने कायदे बदलले किंवा रद्द केले जाईपर्यंत चालू ठेवले. बाकी बरंच बदललं, कुटुंबाचा कायदा राहिला. दमण आणि दीवमध्येही राहिला. वारशाचा भाग आता गोवा विधानसभेच्या २०१२ च्या कायद्यात नव्याने मांडला आहे आणि तो डिसेंबर २०१६ पासून अमलात आहे, पण गाभा तोच.

त्या गाभ्यात दोन खांब आहेत. पहिला, लग्नाची सामायिकी. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची आधीची, नंतरची, कमावलेली, वारशाने आलेली, अशी सगळी मालमत्ता एकत्र येते आणि दोघांचा त्यात अर्धा-अर्धा हक्क असतो. म्हणून गोव्यात एकट्या नवऱ्याने जमीन विकली असं होऊ शकत नाही, बायको सही करायला समोर हवीच. तुम्हाला आणि तुमच्या नणंदेच्या नवऱ्याला बोलावलं ते याच कारणाने.

दुसरा खांब, राखीव हिस्सा. बापाला स्वतःच्या अर्ध्यापैकी फक्त अर्ध्याचंच मृत्युपत्र करता येतं. बाकीचा अर्धा मुलांसाठी राखून ठेवलेला. एका मुलाला सगळं आणि मुलींना काही नाही, हे कागदावर लिहिताच येत नाही. वारसा काढून घ्यायचा तर कायद्यात मोजकी कारणं दिली आहेत, त्यातलं एखादं मृत्युपत्रात लिहावं लागतं आणि ते खरंही असावं लागतं.

आता दस्तलेखक काकांच्या बाजूशी ताडून बघा. हिंदू कायद्यात स्वकष्टार्जित मालमत्तेचं मृत्युपत्र बाप पूर्णपणे मनासारखं करू शकतो. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जे दिलं ते मृत्युपत्राच्या एका ओळीने जाऊ शकतं, आणि जातंही. मला तर हा दोन्ही कायद्यांतला सगळ्यात मोठा फरक वाटतो. समान हिश्श्यापेक्षाही मोठा.

उलट बाजूनेही एक फरक आहे. गोव्यात आई-बाप जिवंत असताना मुलांचा मालमत्तेवर काहीही हक्क नसतो. तुमच्याकडे वडिलोपार्जित जमिनीत तो जन्मापासून.

तेरेखोल

थोडं भूगोलाचं. खाडी म्हणजेच हद्द असं धरून चालू नका. आमचं तेरेखोल गाव आणि किल्ला खाडीच्या उत्तरेला आहे, चारी बाजूंनी सिंधुदुर्ग आणि पाणी, पण गाव गोव्याचं. त्यामुळे आमची लग्नं, वारसे गोव्याच्या कायद्याने, आणि पलीकडे रेडीला राहणाऱ्या आमच्याच नातलगांचे महाराष्ट्राच्या. माणसं चालत येतात-जातात, कायदा मात्र बदलतो.

देवबागचो

माका ह्या सगळा वाचून वायच वायट वाटला. कायदो खरो, पण आवस-बापूस आजारी पडले तेव्हा रात्री-अपरात्री डॉक्टराकडे कोण घेवन गेलो? झिल. दर वर्षी घर कोणी परतला? झिलान. बहिणी मे महिन्यात येतत, आंबे-फणस घेवन जातत, आमका आनंदच आसा. पण सातबाऱ्यार तेंची नावा चढली की उद्या भाच्यांची चढतली, परवा तेंच्या पोरांची. आमच्या सातबाऱ्यार पणज्याच्या वेळेपासूनची इतकी नावा आसत की बँक दारात उभी करणा नाय. एक तुकडो विकूचो झालो तर सह्यांसाठी मुंबय-पुण्याक फिराचा लागता. म्हणान हक्कसोड मागतत. बहिणीचा वायट चिंतून कोण मागणा नाय.

आरोंद्याची लेक

देवबागचे दादा, तुम्ही मनापासून लिहिलंत आणि त्यातलं बरंचसं मला मान्य आहे. माझ्या भावानेही वडिलांचं सगळं केलं. सामाईक सातबाऱ्याचं दुखणं तर प्रत्येक घरात आहे.

पण त्या दुखण्यावर औषध वाटप आहे, बहिणीचं नाव पुसणं नव्हे. सगळ्यांची संमती असेल तर महसूल संहितेच्या ८५ व्या कलमाखाली तहसीलदाराकडे वाटप करून मिळतं, नाहीतर नोंदणीकृत वाटपपत्र आहे. भावाने घर आणि घराखालची जागा घ्यावी, बहिणीला दूरची काजूची वरकस द्यावी किंवा हप्त्याने पैसे द्यावेत. सेवा केली त्याचा मोबदलाही त्या कागदात लिहिता येतो. मला जे खुपतं ते हे की "मोबदला न घेता" हे शब्द छापील मसुद्यात आधीच असतात आणि ते कोणी बहिणीला वाचून दाखवत नाही.

आणि सेवा फक्त मुलगेच करतात असंही नाही. आमच्या आळीत आईला शेवटपर्यंत सांभाळणाऱ्या दोन लेकी आहेत.

दस्तलेखक सावंतवाडी

देवबागच्या दादांसाठी एक कलम सांगतो, बहुतेकांना ठाऊक नसतं. हिंदू उत्तराधिकार कायद्याचं २२ वं कलम. वारसाने मिळालेला हिस्सा एखाद्या वारसाला विकायचा असेल तर बाकीच्या वारसांना तो आधी घेण्याचा हक्क आहे. शेतजमिनीलाही हे लागू, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं. म्हणजे बहीण हिस्सा परक्याला विकेल ही जी भीती असते तिला कायद्यातच उत्तर आहे. किंमत पटली नाही तर कोर्ट ठरवून देतं.

खाडीपार (म्हापसा)

याच प्रश्नाला गोव्यात इन्व्हेंटरी आहे, आणि ती मला फार शहाणपणाची वाटते. माणूस गेला की घरातला एक जण, बहुधा मागे राहिलेला जोडीदार, सगळ्या मालमत्तेची यादी कोर्टात देतो. जमीन, दागिने, ठेवी, देणी, सगळं. सगळे वारस आणि त्यांचे जोडीदार यांना नोटीस जाते. कोणाला बापाने आधीच काही दिलं असेल तर तेही हिशेबात धरलं जातं. ज्या गोष्टीचे तुकडे पडत नाहीत, समजा जुनं घर, तिच्यासाठी वारसांतच बोली लागते. जास्त बोली लावेल त्याने घर घ्यायचं आणि बाकीच्यांना त्यांच्या हिश्श्याचे पैसे द्यायचे. घर घरातच राहतं आणि बहीण रिकाम्या हाताने जात नाही.

वेळ लागतो, हे खरं. तंटा असेल तर वर्षं जातात. वाद नसेल तर खास नोटरीसमोर वारसाचा दस्त करून बरंच काम होतं.

मिरकरवाडा

आम्ही रत्नागिरीचे कोकणी मुसलमान, शाफई पंथाचे. आमच्याकडचंही लिहावंसं वाटलं, कारण माझी सख्खी बहीण मडगावात दिली आहे.

आमच्या कायद्यात हिस्से ठरलेले आहेत. मुलगे-मुली दोन्ही असतील तर मुलीला मुलाच्या निम्मं. बायकोला मुलं असतील तर आठवा, नसतील तर चौथा. मृत्युपत्र फक्त एक तृतीयांशाचं, आणि तेही वारसांपैकी कोणाला द्यायचं तर बाकी वारसांची संमती हवी. जन्माने हक्क ही गोष्ट आमच्याकडे नाही. निम्मा हिस्सा कमी आहे हे मी नाकारत नाही, माझ्या मुली मला विचारतात आणि मला त्यांना नीट उत्तर द्यावं लागतं. पण तो हिस्सा शतकानुशतकं लिहिलेला आहे आणि बापाला तो मृत्युपत्राने उडवता येत नाही. शिवाय बाईची मालमत्ता लग्नानंतरही तिचीच, मेहेरही तिचा. दुःख याचं आहे की हा लिहिलेला निम्मा हिस्सासुद्धा आमच्या वाड्यांत क्वचितच दिला जातो. तिथे आम्ही आणि तुम्ही सारखेच.

मडगावच्या बहिणीला मात्र वेगळं. १९३७ चा शरियत कायदा गोव्यात लागूच केलेला नाही. तिचे सासरे गेले तेव्हा तिच्या नणंदेला दिरांइतकाच वाटा मिळाला आणि बहिणीच्या सासूला अर्धं. सगळे मुसलमान, सगळे नमाजी, आणि कोणी तक्रार केली नाही.

वेंगुर्ले बंदर

आम्ही वेंगुर्ल्याचे ख्रिस्ती. आमच्या बाजूला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा : मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश, बाकी दोन तृतीयांश मुलांत सारखं, मुलगा-मुलगी भेद नाही. मृत्युपत्र मात्र सगळ्याचं करता येतं. माझ्या मामाची मंडळी हणजूणला, त्यांना गोव्याचा कायदा. एकाच प्रार्थनेतली दोन घरं.

गिरगावचा चाकरमानी

मी मूळ पेडण्याचा, दोन पिढ्या मुंबईत. खाडीपार, माझा प्रश्न असा की गोव्याच्या माणसाचा मुंबईतला फ्लॅट कोणत्या कायद्याने जातो?

खाडीपार (म्हापसा)

यावर थेट निकाल आहे. १३ सप्टेंबर २०१९, जोसे पावलो कुतिन्हो खटला, सर्वोच्च न्यायालय. गोव्यातल्या माणसाची मुंबईत मालमत्ता होती, तिला कोणता वारसाकायदा, हाच वाद. न्यायालय म्हणालं, पोर्तुगीज संहिता आता परदेशी कायदा राहिलेली नाही, संसदेने चालू ठेवल्यामुळे ती भारतीय कायदाच आहे. आणि गोव्याचा अधिवास असलेल्या माणसाची मालमत्ता भारतात कुठेही असो, वारसा गोव्याच्या कायद्याने.

पण अधिवास हा शब्द इथे सगळं ठरवतो. तुम्ही मुंबईत कायमचे राहायच्या इराद्याने स्थायिक झालात की मूळ घर अजून तुमचं घर आहे, हे पुराव्याने बघितलं जातं. गणपतीला गावी जाणं एवढ्याने भागत नाही. दोन पिढ्या मुंबईत असाल तर तुम्हाला हिंदू उत्तराधिकार कायदा लागण्याचीच शक्यता जास्त. मृत्युपत्र करण्याआधी हे वकिलाकडून ठरवून घ्या, कारण एका कायद्याने ते पूर्ण चालेल आणि दुसऱ्याने अर्धंच.

माडाखाली

सगळे गोव्याच्या कायद्याचं कौतुक करताहेत म्हणून थोडी दुसरी बाजू. मी कुटुंब न्यायालयात काम केलं आहे आणि दोन्हीकडच्या बायका पाहिल्या आहेत.

महाराष्ट्रातल्या हिंदू बाईला लग्न टिकून असताना नवऱ्याच्या मालमत्तेत एक इंचही हक्क नसतो, हे अगदी खरं. घटस्फोटात पोटगी मिळते, ती न्यायाधीशाच्या अंदाजाने. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याने निदान राहत्या घरातून बाहेर काढता येत नाही, पण मालकी नाही. वीस वर्षं दुकान सांभाळलेली बाई मी कोर्टात "गृहिणी" म्हणून उभी राहिलेली पाहिली आहे. दुकान नवऱ्याच्या नावावर होतं. गोव्यात तिला अर्धं मिळालं असतं.

आता गोवा. अर्धा हक्क बायकोचा, पण संहितेने कारभार नवऱ्याच्या हातात ठेवला. जमिनीला तिची सही लागते, बँकेतल्या पैशाला लागत नाही. ती कोर्टात पोचेपर्यंत खातं रिकामं झालेलं असतं. १८८० च्या गोव्यातल्या हिंदूंच्या चालीरीतींच्या हुकुमात तर पत्नीला पंचविशीपर्यंत मूल नसेल किंवा तिशीपर्यंत मुलगा नसेल तर हिंदू पुरुषाला दुसऱ्या लग्नाची वाट ठेवलेली आहे. कोणी वापरत नसेल, पण कागदावर असणंच मला बोचतं. सर्वांना समान कायदा म्हणून गोव्याचं नाव घेतलं जातं तेव्हा हे कलम कोणी वाचून दाखवत नाही.

मूल नसलेल्या विधवेचं बघा. १८६७ च्या संहितेत नवऱ्याच्या अर्ध्याला वारस म्हणून तिचा क्रम त्याच्या आईबापांनंतर आणि भावंडांनंतर लागत होता. खुद्द पोर्तुगालने १९६६ मध्ये नवी संहिता आणली, लग्नानंतर कमावलेलं तेवढंच सामायिक असा नेहमीचा नियम केला आणि १९७७ मध्ये मागे राहिलेल्या जोडीदाराला हक्काचा वारस केलं. तिथे कायदा पुढे गेला, आपल्याकडे जुनाच जपला.

हिंदू कायद्यातही निपुत्रिक बाईचं दुखणं आहेच. मृत्युपत्र न करता ती गेली तर माहेरकडून वारशाने आलेलं माहेरी जातं, पण तिने स्वतः कमावलेलं नवऱ्याच्या वारसांना. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असंच एक प्रकरण होतं. नारायणी देवी लग्नानंतर काही महिन्यांतच विधवा झाल्या, सासरच्यांनी घराबाहेर काढलं, माहेरच्यांनी शिकवलं, नोकरी केली, पैसा साठवला. तो सगळा गेला सासरच्यांना. न्यायालय म्हणालं, कायदा असाच आहे. ज्या बाईचा स्वतःचा पगार आहे तिने मृत्युपत्र केलंच पाहिजे, मी हे प्रत्येकीला सांगते.

स्विंडनहून

इथे गोव्याची वस्ती मोठी आहे, म्हणून लिहितो. इंग्लंडमध्ये सामायिकी नाही आणि राखीव हिस्साही नाही. मृत्युपत्र कोणाच्याही नावे करा. फक्त १९७५ च्या कायद्याने जोडीदार, मुलं आणि आश्रित कोर्टात जाऊन "आमची पुरेशी सोय केली नाही" असा दावा लावू शकतात. मृत्युपत्र नसेल आणि मुलं असतील तर जोडीदाराला पहिले ३,२२,००० पौंड आणि वरच्यातलं अर्धं. लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्याला या नियमाने काही नाही. घटस्फोटात कोणाच्या नावावर काय आहे ते बाजूला ठेवून न्यायाधीश वाटणी करतात, आणि २००० च्या व्हाइट खटल्यापासून निम्म्या-निम्म्याचा काटा लावून बघतात.

मात्र इथला घटस्फोट तिकडे आपोआप चालत नाही. लग्न ज्या भारतीय कायद्याने झालं त्यातलं कारण हवं आणि दुसऱ्या बाजूने इथल्या कोर्टात मनापासून भाग घेतलेला हवा, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितलं आहे. ६ एप्रिल २०२२ पासून इंग्लंडमध्ये दोष न दाखवता घटस्फोट मिळतो, हिंदू विवाह कायद्यात एकतर्फी तसं कारणच नाही. त्यामुळे इकडे सुटलेली जोडपी तिकडे अजून नवरा-बायको असू शकतात. गावातल्या जमिनीच्या कागदावर त्याचा गुंता होतो.

मिरकरवाडा

आखाताचं एक वाक्य जोडतो. अमिरातीत फेब्रुवारी २०२३ पासून बिगर-मुस्लिमांसाठी वेगळा कायदा आहे. मृत्युपत्र नसेल तर अर्धं जोडीदाराला, अर्धं मुलांना, मुलगा-मुलगी समान. दुबईत पैसा साठवणाऱ्या कोकणातल्या हिंदू, ख्रिस्ती मुलांनी तिथे मृत्युपत्र नोंदवून ठेवावं.

आरोंद्याची लेक

सगळ्यांनी इतकं मन लावून लिहिलंत, आभार. माझा मूळ प्रश्न अजून उरला आहे. माझं लग्न पेडण्यात नोंदलेलं आहे, पहिली सही, दुसरी सही (गोव्यात लग्नाची नोंद अशी दोन टप्प्यांत होते), सगळं रीतसर. करार काही केलेला नाही. मग आरोंद्यातल्या माझ्या पाव हिश्श्यात नवऱ्याचा अर्धा हक्क येतो का?

खाडीपार (म्हापसा)

दोन पायऱ्या वेगळ्या ठेवा. वारस कोण, हे तुमच्या वडिलांच्या कायद्याने ठरतं, म्हणजे हिंदू उत्तराधिकार कायद्याने. त्यात तुमच्या नवऱ्याचा काही संबंध नाही. तो हिस्सा तुमच्या हातात आला की मग तुमच्या लग्नाचा कायदा सुरू होतो. सामायिकीत वारशाने आलेलंही येतं. म्हणून तुम्ही हक्क सोडताना नवऱ्याची संमती घेणं शहाणपणाचं. ती न घेतल्यास उद्या तुमच्या भावाचा कागदच वादात पडू शकतो, हे भावालाही सांगा. आणि हे दोन्हीकडे वकिली करणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या. सावंतवाडी-बांदा भागात असे वकील आहेत.

भावाला भीती वाटायला नको की जावई जमीन घेऊन जाईल. हाच कायदा तुम्हाला सासरच्या मालमत्तेत नवऱ्याइतकंच उभं करतो.

प्राप्तिकराचंही ध्यानात घ्या. १९६१ च्या आयकर कायद्यात ५अ हे कलम फक्त या सामायिकीतल्या जोडप्यांसाठी होतं : पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांच्या नावे अर्धं-अर्धं दाखवायचं. जमिनीचं भाडं किंवा विक्रीचा नफा आला तर तुमच्या करसल्लागाराला लग्न गोव्यातलं आहे हे आधी सांगा.

आरोंद्याची लेक

कालच भावाशी बोलले. मसुदा परत घेतला आहे. वाटपपत्र करायचं ठरलं : घर आणि वाडी त्याला, आईला तिचा पाव तिच्या नावावर हयातीपर्यंत आणि पुढचं तिने ठरवायचं, आम्हा दोघींना रस्त्याकडेची काजूची जमीन. धाकटीने तिच्या जमिनीऐवजी पैसे घेणार असं सांगितलं, ते भाऊ दोन वर्षांत देणार, आणि तसं लिहून देणार. आई म्हणाली, माझं नाव आधी लावा. लावलं.

बांद्याची मावशी

उशिरा विचारते. माझी भाची लग्न होऊन म्हापशाला जाते आहे, डिसेंबरात. तिची स्वतःची बेकरी आहे, बांद्याला, कर्जही आहे त्यावर. मुलगा चांगला आहे, पण त्याच्या वडिलांचा धंदा अडचणीत आहे. तिने काय करावं?

खाडीपार (म्हापसा)

मावशी, हे लग्नाआधीच करा, नंतर होत नाही. सामायिकीऐवजी मालमत्ता वेगळी ठेवायची, किंवा लग्नानंतर मिळवलेलं तेवढंच सामायिक करायचं, असे पर्याय कायद्यातच आहेत. त्यासाठी लग्नाआधी खास नोटरीसमोर विवाहपूर्व करार नोंदवावा लागतो. एकदा लग्न नोंदलं की नवरा-बायको दोघांची इच्छा असली तरी ही व्यवस्था बदलता येत नाही.

भाचीने बेकरीचे आणि कर्जाचे कागद, जन्मदाखला, अविवाहित असल्याचा दाखला घेऊन मुलासोबत वकिलाकडे जावं. मुलाला आणि त्याच्या घरच्यांना आधी मोकळेपणाने सांगावं, लपवून करू नये. पहिल्या सहीनंतर नोटीस लागते आणि मगच दुसरी सही होते. डिसेंबरचं लग्न असेल तर करार दिवाळीपूर्वी झालेला बरा.

बांद्याची मावशी

उद्याच तिच्या आईला फोन करते. म्हापशाच्या वकिलाचा पत्ता तुम्हाला निरोपात विचारते.